चिमट्याची लांबी

डिसेंबर लागला की सोलापुरात मधल्या मारुतीच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांवर एक वेगळं गिऱ्हाईक दिसायला लागतं. हुरडा तोंडावर आलेला असतो, कुणाच्या तरी शेतावर जायचं ठरलेलं असतं आणि चुलीवरच्या भाकरीचा बेत असतो. परवा असंच एक जोडपं माझ्या शेजारी उभं होतं. लोखंडी तवा झाला, उलथणं झालं, परात झाली. मग चिमटा मागितला. दुकानदारानं तीन चिमटे समोर मांडले. एक चकचकीत स्टीलचा, वीतभर, फुलके फुगवायचा. दुसरा काळ्या पट्टीचा, हातभर लांब. तिसरा त्याहून लांब, मागं कडी असलेला. "ह्यातला कुठला देऊ?" नवरा मोबाइलवरून पैसे पाठवायच्या तयारीत होता. मान वर न करता म्हणाला, "कुठलाही द्या." दुकानदारानं हाताला लागला तो, म्हणजे वीतभराचा, पिशवीत टाकला. बाईंनी एकदा त्या लांब चिमट्याकडं बघितलं, पण बोलल्या काही नाहीत. मी कल्हईला दिलेलं पातेलं घेऊन निघाले, पण ते "कुठलाही" घरी येईपर्यंत कानात राहिलं, आणि रात्री भांडी लावताना परत आठवलं.

शेतावर चुलीपुढं बसल्यावर त्या चिमट्यामागचा हात बाईंचाच असणार होता.

आमच्या घरात आगीशी पोटापाण्याचं नातं असलेली दोन माणसं होती. आजोबा मिलमध्ये बॉयलरवर फायरमन, आणि आजी चुलीपुढं. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 साली सुरू झाली आणि पुढं कित्येक पिढ्या ह्या गावचं जेवणखाण, झोपणं-उठणं भोंग्यावर चाललं. भोंगा म्हणजे वाफ, आणि वाफ म्हणजे आजोबांची आग. त्या आगीला लोखंडी दार होतं, दाब दाखवणारा काटा होता, आणि पाळी संपली की जागा घ्यायला दुसरा माणूस होता. तेव्हाचा बॉयलरचा कायदा 1923 सालचा. बॉयलर सांभाळायचा तर परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागे, आणि आजोबांच्या वरचा माणूस तसा पास झालेला होता. त्याच्याबद्दल ते नेहमी आदरानं बोलत. भट्टीपुढं उभं राहून वापरायची हत्यारंही ते हातवारे करून दाखवायचे: कोळसा टाकायचं फावडं, जाळीवर घट्ट बसलेला खंगर उचकटायची चपट्या टोकाची सळई, निखारे पुढं ओढायचं दाताळं. सळई आणि दाताळं माणसापेक्षा लांब. भट्टी खोल, तिची धग दारातून अंगावर येणारी, त्यामुळं लांबीला पर्याय नव्हता.

आजीच्या आगीला दार नव्हतं. परीक्षाही नव्हती आणि पाळीही नव्हती. परकर नेसायच्या वयात ती चुलीपुढं बसली आणि हात थरथरायला लागेपर्यंत तिथून उठली नाही. तिच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, बांगड्या संपतात त्याच्या जरा वर, फिकट आडव्या रेघा होत्या. तव्याच्या कडेच्या. लहानपणी मी त्यांच्यावरून बोट फिरवायची आणि ती हात काढून घ्यायची नाही.

एकदा आजोबांनी तिच्यासाठी सळई करवून आणली. मिलच्या लोहारशाळेत त्यांचा दोस्त होता, त्यानं एक गोल सळईचा तुकडा तापवून एका टोकाला आकडा आणि दुसऱ्या टोकाला कडी काढून दिली होती. काम देखणं होतं. आकड्याचं टोक ठोकून चपटं केलेलं, म्हणजे राख खरवडता यावी. कडी अशी गोल की आत बोट घातलं तरी कुठं टोचू नये. आजोबा मोठ्या कौतुकानं घेऊन आले. आजीनं दोन दिवस वापरली आणि तिसऱ्या दिवशी बाजारात नेऊन लोहाराकडून जवळजवळ तिसरा हिस्सा कापून आणली. कडी परत नवी करून घेतली. आजोबांना वाईट वाटलं असणार, कारण ही गोष्ट घरात पुढं खूप वर्षं निघायची आणि दर वेळी आजी तेच सांगायची: "तुमी हुबं राहून जाळता. मी बसून जाळते."

चुलीपुढं बसून काम केलेल्या कुणालाही ह्या वाक्याचा अर्थ उलगडून सांगावा लागणार नाही. बाई उकिडवी बसते किंवा पाटावर एक गुडघा वर घेऊन बसते. कोपर त्या गुडघ्यावर टेकतं आणि तिथून पुढचा हात फिरतो. म्हणजे आगीचं हत्यार मोजायचं ते टेकलेल्या कोपरापासून चुलीच्या पोटापर्यंत. त्याहून लांब सळई असली की तिचं मागचं टोक बरगडीला नाही तर मागच्या भिंतीला लागतं. मग कोपर उचलावं लागतं, हात अधांतरी राहतो आणि हलक्या हातानं सारायचं लाकूड धक्का खाऊन तव्याला लागतं. आखूड असली तर मनगटावरची लव जळते, पदराचं टोक जाळाशी जातं, आणि बाई आपोआप अंग मागं घेऊन हात तेवढा पुढं ताणते. पाठीची दुखणी तिथून सुरू होतात. भाकरी थापता थापता मधेच डाव्या हातानं जाळ सारावा लागतो, कारण उजवा पिठात असतो. म्हणून सळई डाव्या अंगाला आणि चिमटा उजव्या अंगाला ठेवायचा. आजीच्या चुलीपाशी ह्या दोन्ही जागा ठरलेल्या होत्या. कुणी अदलाबदल केली तर न बघता हात टाकणाऱ्या तिला तापलेलं टोक हाताला लागायचं.

मला विचाराल तर चुलीपाशी सर्वांत जास्त कामाची ही आकड्याची सळईच. चिमट्यापेक्षाही. कारण आगीला टोचण्यापेक्षा तिला पुढंमागं ओढण्याचं काम जास्त असतं. कडक भाकरी करताना हे नीट दिसतं. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, इथवर जाळ हवा. तव्याच्या कडेपर्यंत पोचणारा, पसरट जाळ. त्याला तुराट्या उत्तम, भसकन पेटतात आणि तव्याखाली सगळीकडं फिरतात. पण तव्यावरून काढल्यावर भाकरीला जाळ नको असतो, आर हवा असतो. तेव्हा बाई आकड्यानं बाभळीच्या लाकडाचे लालबुंद निखारे चुलीच्या तोंडाशी ओढते, त्यांच्यावरची राख एका फटक्यात बाजूला करते आणि भाकरी चुलीच्या भिंतीला उभी टेकवते. भाकरी फुगते, मग तिचा फुगा बसतो, मग ती हळूहळू आतून सुकत जाते. निखारा जास्त पुढं आला तर एका जागी काळी पडते, मागं राहिला तर चिवट होते. बोटभराचं अंतर. ते अंतर आकड्यानं सांभाळायचं, दोन भाकऱ्या मागंपुढं चालू असताना, आणि कपाळावरचा घाम दंडाला पुसत. सोलापूरची कडक भाकरी पाकिटात बंद होऊन पुण्या-मुंबईला जाते, शेंगांच्या चटणीबरोबर कडाकडा मोडून खाल्ली जाते. तिचा तो कडकपणा ह्या बोटभराच्या अंतरातून आलेला आहे.

आता सळई करून घ्यायला लोहारशाळा लागत नाही. बांधकामावर उरलेला दहा मिलिमीटरच्या गजाचा तुकडा पुरतो. आठचा तापून वाकतो, बाराचा मनगटाला जड होतो. फक्त गजावरचे उंचवटे हातात धरायच्या जागी कानशीनं घासून घ्यावेत.

चिमट्याचं मात्र जरा निवडून घ्यावं लागतं. दोन्ही टोकं मिटून उजेडासमोर धरायची. मधून फट दिसली तर तो निखारा धरणार नाही, आणि निसटलेला निखारा नेहमी पायाशीच पडतो. मग दाबून बघायचा. ताठ असला तर पाच-दहा भाकऱ्यांत अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. मऊ असला तर जड लाकूड उचलताना पाय फाकतात. स्टीलच्या चिमट्याला नावं ठेवायची जुन्या लोकांना सवय आहे, पण त्याचा एक गुण मानायला हवा: स्टेनलेस स्टील उष्णता फार सावकाश वाहून नेतं, साध्या लोखंडाच्या पट्टीपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्यानं. म्हणजे त्याचं मागचं टोक हाताला उशिरा चटकतं. पण बाजारात मिळतो तो पातळ पत्र्याचा आणि गुळगुळीत, जळत्या लाकडाच्या सालीवरून घसरणारा. काळी पट्टी खरखरीत असते, धरते. तेव्हा चुलीला काळ्या पट्टीचा हातभर लांब, आणि फुलक्याला स्टीलचा वीतभर. एका घरात दोन असले तर एकानं दुसऱ्याचं काम करू नये.

फुंकणीबद्दल मला सगळ्यांत जास्त माया आहे आणि सगळ्यांत जास्त राग. आजीची लोखंडी होती. ओठांकडचं टोक वर्षानुवर्षांच्या वापरानं गुळगुळीत, दुसरं टोक खपली धरलेलं काळं, आणि मधे जिथं मूठ पडायची तिथं तपकिरी चमक. चांगली फुंकणी पुढं जराशी निमुळती असते, त्यानं वारा एका जागी जोरात बसतो. तळहातावर फुंकून बघितलं की कळतं: वारा रुपयाएवढ्या जागेत लागला पाहिजे. आजी ओठ नळीला घट्ट लावायची नाही. किंचित अंतर ठेवून फुंकायची, म्हणजे तोंडचा वारा जाताना आजूबाजूची हवाही ओढून नेतो. त्यामागं कारण आहे. हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के, आपण सोडलेल्या श्वासात सोळा-सतरा. आगीला नुसत्या आपल्या उच्छ्वासापेक्षा आजूबाजूची ताजी हवा जास्त मानवते. हे आकडे मला पुढं पुस्तकातून कळले, तिला ते ओठांनी कळले होते. फुंकून झालं की ती मान वळवून, पूर्ण उलट्या दिशेला तोंड करून श्वास घ्यायची. आम्हा पोरींना पहिली शिकवण तीच: नळीतून श्वास आत ओढायचा नाही.

मान वळवली तरी स्वयंपाकघर तेवढंच होतं, धूर तिथंच होता.

पावसाळ्यात सरपण ओलं असायचं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. नीट वाळलेल्यात ते एक पंचमांशाच्या खाली येतं. ओलं लाकूड आधी आपलं पाणी उकळण्यात जाळाची ताकद घालवतं. त्याच्या कापलेल्या टोकातून फेस येतो, बारीक सूं असा आवाज येत राहतो आणि न जळलेला धूर घर भरून टाकतो. कडुलिंबाचा असला तर घशाला कडू लागतो. तशा दिवशी आजी सकाळपासून फुंकत असायची. डोळे लाल, आवाज बसलेला, आणि संध्याकाळी खोकल्याची उबळ. उतारवयात तो खोकला कायमचा झाला. बिडी नाही, तंबाखू नाही, मिलमधल्या कापसाच्या धुळीत ती कधी गेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की 2020 साली घरातल्या चुलींच्या धुरानं जगभरात सुमारे 32 लाख माणसं गेली. मी हा आकडा वाचला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आली ती फुंकणी, आणि तिचं ते चकाकणारं टोक. म्हणून आज कुणी फुंकणी भिंतीवर शोभेला लावलेली दिसली की मला थांबून बघावंसंही वाटतं आणि तिथून निघून जावंसंही वाटतं.

1 मे 2016 ला उज्ज्वला योजना आली. आमच्या मामीच्या गावी, मोहोळकडं, घरोघर सिलिंडर आले. चूल मात्र पूर्ण गेली नाही. चहा, भात, कालवण गॅसवर. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. पैशाचा हिशोब त्यात आहेच, कारण तुराट्या शेतातल्या, वेडी बाभूळ बांधावरची, आणि सिलिंडर पदरच्या पैशाचा. ह्या बायकांना कुणी शहाणपण शिकवायला जाऊ नये असं मला वाटतं. चूल वाईट आणि गॅस चांगला हे त्यांना आपल्याआधी कळलेलं आहे; त्यांच्या फुप्फुसांना कळलेलं आहे. पण जोवर चूल आहे तोवर तिच्यापुढं बसणाऱ्या बाईला धुराडं, वाळलेलं सरपण आणि हाताच्या मापाचं हत्यार मिळावं, एवढं तर कुणाला अवघड नाही. त्यातलं तिसरं सर्वांत स्वस्त, आणि त्याच्याकडंच कुणाचं लक्ष जात नाही.

हुरड्याची गोष्ट निराळी. आगटीला लोखंड लागतच नाही. गोवऱ्यांचा विस्तव खड्ड्यात धुमसत असतो, गूळभेंडी ज्वारीची कणसं ताटाचा थोडा दांडा ठेवून तोडलेली असतात आणि तो हिरवा दांडाच धरायला होतो. कणीस राखेत खुपसायचं, फिरवायचं, काढायचं, आणि गरम गरम तळहातावर चोळायचं. तिथं पुरुष बसतात, चोळून सगळ्यांना वाटतात, हात भाजल्याचं हसत हसत सांगतात. मला हुरडा मनापासून आवडतो, आणि आगटीपाशी बसलेल्या पुरुषांचा तो मोकळेपणाही आवडतो. एवढंच मनात येतं, की तिथून वीस पावलांवर छपरात चूल पेटलेली असते आणि वांग्याच्या भाजीपाशी बसलेल्या बाईचा हात कुणी बघत नाही. दुकानातल्या त्या बाईंना वीतभराचा चिमटा मिळाला तो ह्या वीस पावलांमुळं.

रस्त्याकडेला पाल ठोकून बसणाऱ्या घिसाड्यांकडं मी अनेकदा थांबते. नवरा लाल लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर फिरवत असतो आणि बायको घण मारत असते. पोरगं भात्याचा पंखा फिरवत असतं. घण खांद्यावरून गोल येतो, नेमका पडतो, तिच्या बांगड्या क्षणभर वाजतात आणि तोवर नवऱ्यानं लोखंड पाव फिरवलेलं असतं. दोघं एकमेकांकडं बघतही नाहीत. ह्यांच्याकडून हत्यार घ्यायचं सुख असं की मापाला कुणी हसत नाही. तुम्ही हात पुढं करून दाखवा, ती बाईच म्हणते, "बसून दाव की अक्का, हुबं राहून काय कळतंय?" एकदा मी तिथंच रस्त्यावर उकिडवी बसून, समोर वीट ठेवून, तिला चुलीचं अंतर दाखवलं. तिनं खडूनं सळईवर खूण केली.

मामीनं आता गावातल्या तीन बायकांना घेऊन कडक भाकरीचं काम काढलंय. घरामागं पत्र्याची शेड, भिंतीला लागून चार चुली, वर धुराडं, सरपण वर्षाआधीच फोडून माळवदावर रचलेलं. कुऱ्हाडीचा दांडा उन्हाळ्यात आपल्याकडच्या कोरड्या हवेनं आक्रसून सैल होतो, म्हणून फोडायच्या आदल्या रात्री कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवायची, इथवर तिनं बारीक लक्ष घातलेलं आहे. गेल्या महिन्यात गेले तर ती चार चिमटे आणि चार सळया करून घ्यायच्या गडबडीत होती. मी म्हटलं, एकदम एकसारख्या घेतल्या तर स्वस्त पडतील. "एकसारक्या कशा?" ती म्हणाली. "ती पाटलाची सून बघ, केवढी उंच आहे. तिचा गुडघा माझ्या कोपराला लागतोय. आणि थोरलीला खाली बसताच येत नाही आता, ती स्टुलावर बसणार, तिची चूलपण मी वर उचलून घेतल्या दोन इटांनी."

मग तिनं सुतळीचे चार तुकडे काढून दाखवले. प्रत्येकीला आपल्या चुलीपुढं बसवून, कोपर टेकवून, माप घेतलेलं. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून गाठी मारलेल्या: एक, दोन, तीन, आणि स्वतःच्या सुतळीला गाठ नाही. येत्या मंगळवारी बाजारात लोहाराकडं जायचंय, चल म्हणाली. मी जाणार आहे. माझीही सुतळी कापून घेतली आहे, कारण आमच्या गच्चीवर हिवाळ्यात पाणी तापवायचा बंब अजून आहे, आणि त्याच्या खालचे निखारे काढायला मला उभ्यानं वाकावं लागतं, तेव्हा माझी सळई ह्या पाचांत सर्वांत लांब होणार.